सोऱ्याची बेचिराख गावं

चिलीच्या उत्तरेकडच्या वाळवंटात वाढलेल्या माणसांच्या आठवणी वाचताना एक साधं वाक्य पुन्हापुन्हा भेटतं. माझा जन्म अमुक ‘ओफिसिना’त झाला, असं ते वाक्य. स्पॅनिशमधून मराठीत भाषांतर करताना या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडकून पडले होते. ‘ओफिसिना’ म्हणजे कचेरी, ऑफिस. शब्दकोश याहून फार काही सांगत नाही. पहिल्या खर्ड्यात मी ‘कचेरीत जन्म झाला’ असं लिहिलं आणि फायलींच्या कपाटांमध्ये बाळंत होणारी बाई डोळ्यांसमोर आली. मग ‘कारखान्यात’ लिहून पाहिलं, ‘खाणीवर’ लिहून पाहिलं, शेवटी ‘गावात’ लिहिलं. प्रत्येक वेळी शब्दाचा एखादा तुकडा हाती येई आणि बाकीचा निसटून जाई.

सोऱ्याच्या त्या मुलखात ओफिसिना या एकाच शब्दात सगळं येतं. जमीन खणायची जागा, माल उकळायचा कारखाना, साहेबांचे बंगले, मजुरांच्या चाळी, कंपनीचं दुकान, शाळा, दवाखाना, नाटकगृह आणि थोड्या अंतरावरचं कबरस्तान. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ कार्यशाळा असा होता. वाळवंटात तो इतका फुगला की त्यात माणसाचा जन्म, लग्न आणि मरण मावू लागलं. अशा दोनशेहून अधिक ओफिसिना अताकामा वाळवंटात उभ्या राहिल्या आणि आज जवळपास सगळ्या ओसाड आहेत. त्यांतल्या हम्बरस्टोन आणि शेजारच्या सान्ता लाउरा या दोन ओफिसिना जागतिक वारसा म्हणून जपलेल्या असल्यामुळे लोक पाहायला जातात.

मी तिथे गेलेली नाही. पण भाषांतरासाठी त्या जागेची इतकी छायाचित्रं आणि इतके नकाशे पाहिले आहेत की डोळे मिटून बाजारचौकातून नाटकगृहापर्यंत जाता येईल. इकीके बंदरातून निघून डोंगरकडा चढून गेलं, की पन्नासेक किलोमीटरच्या आत हम्बरस्टोन लागतं. चौक, चौकाभोवती दुकानं, घड्याळाचा मनोरा, चर्च, हॉटेल. ओरेगॉन पाइनच्या फळ्यांचं नाटकगृह आहे आणि त्यातल्या लाकडी खुर्च्यांच्या रांगा अजून टिकून आहेत. जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एका प्रदेशात लोखंडी पत्रे जोडून बांधलेला पोहण्याचा तलावही आहे. हे पाहून कोणालाही वाटावं की इथलं जगणं बरंच सुखाचं असणार. छायाचित्रांत जे दिसत नाही ते कळायला त्या मुलखाचे शब्द वाचावे लागतात, आणि ते शब्द एका हिशेबाच्या वहीकडे नेतात.

आधी सोऱ्याविषयी. मराठीत हा शब्द फारसीतून आला. शोभेच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला पाठ असे. आयुर्वेदात त्याला सूर्यक्षार म्हणतात. अकबराच्या दरबारात पाणी गार करायला सोरा वापरत, अशी नोंद अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त केली आहे. हा सोरा मुख्यतः बिहारच्या गावांतून येई. पावसाळा सरल्यावर गुरांच्या गोठ्यांजवळ आणि जुन्या भिंतींच्या पायथ्याशी मातीवर पांढरट फूल धरतं. ते खरवडून, पाण्यात विरघळवून आणि उकळून नोनिया जातीची माणसं सोरा काढत. युरोपच्या तोफा दीडदोनशे वर्षं या मातीवर धडाडल्या. पाटण्याच्या सोऱ्यासाठी डच आणि इंग्रज कंपन्या एकमेकींशी झुंजत होत्या, आणि प्लासीच्या लढाईनंतर त्याचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा उत्तरेच्या सैन्यासाठी दारूगोळा करणाऱ्या दु पाँ घराण्याचा माणूस लंडनला धावला तो हाच भारतातला सोरा विकत घ्यायला.

अताकामातला सोरा रसायनाने थोडा वेगळा. आपला पोटॅशियमचा, तिकडचा सोडियमचा. हा दुसरा हवेतली ओल शोषून घेतो, म्हणून बंदुकीच्या दारूत तो तसाच चालत नाही. पण त्यावर प्रक्रिया करता येते, सुरुंगाच्या दारूत तो चालतो आणि खत म्हणून तर फारच उपयोगी पडतो. शिवाय इथे तो भिंतींच्या कडेने खरवडावा लागत नव्हता. ‘कालिचे’ नावाच्या कठीण थरात तो मैलोन्मैल पसरलेला होता. सोरा पाण्यात विरघळतो, त्यामुळे पाऊस पडणाऱ्या कोणत्याही देशात असा थर टिकला नसता. जिथे गवताची काडी उगवत नाही अशा जमिनीतून निघालेलं खत युरोपातल्या बीटाच्या आणि गव्हाच्या शेतांना जाऊ लागलं, आणि बिहारच्या सोऱ्याचं जगाच्या बाजारातलं महत्त्व ओसरत गेलं. इंग्लंडला जायला निघालेल्या दोन जहाजांच्या तळाशी असलेला हा माल एकमेकांशी कसा भांडत होता, हे ना नोनियाला ठाऊक होतं, ना अताकामाच्या मजुराला.

तेव्हा हा मुलूख चिलीचा नव्हता. तारापाका प्रांत पेरूचा होता आणि आन्तोफागास्ताचा किनारा बोलिव्हियाचा. १८७८ साली बोलिव्हियाने निर्यातीवर दर क्विंटलमागे दहा सेंट कर बसवला आणि चिली-ब्रिटिश भांडवलाच्या कंपनीने तो भरायला नकार दिला. १४ फेब्रुवारी १८७९ रोजी चिलीचं सैन्य आन्तोफागास्तात उतरलं. पुढची चार-पाच वर्षं तीन देश लढले. शेवटी पेरूने तारापाका गमावला आणि बोलिव्हियाने समुद्रच गमावला. चिली जिंकला खरा, पण सोऱ्याचा मोठा वाटा इंग्रज भांडवलदारांकडे गेला. युद्धाआधी पेरूने ओफिसिना सरकारजमा करून मालकांना रोखे दिले होते. युद्धात ते रोखे मातीमोल झाले तेव्हा जॉन टॉमस नॉर्थ नावाच्या इंग्रज यंत्रज्ञाने ते पडत्या भावात गोळा केले, आणि विजयी चिलीने रोखेधारकांची मालकी मान्य केली. पुढे हाच नॉर्थ ‘नायट्रेट किंग’ म्हणून ओळखला गेला. ओफिसिनांबरोबरच पाणीपुरवठा, रेल्वे आणि किराणा पुरवणारी कंपनी यांतही त्याने हातपाय पसरले. म्हणजे मजुराने सोरा काढला तरी पैसा त्याचा, आणि मजूर पाणी प्यायला तरी पैसा त्याचाच.

ज्याच्या नावाने ते गाव आज ओळखलं जातं तो जेम्स टॉमस हम्बरस्टोन असा भांडवलदार नव्हता. तो डोव्हरचा रसायनतज्ज्ञ, १८७५च्या सुमाराला नोकरीसाठी इकडे आला. कालिचे उकळण्याच्या जुन्या पद्धतीत इंधन फार जाई आणि बराच सोरा गाळातच राही. धुण्याचा सोडा बनवायला इंग्लंडात शँक्स नावाच्या माणसाने एक पद्धत बसवली होती. १८७८ साली हम्बरस्टोनने ती कालिचेला लागू केली. लोखंडी टाक्यांच्या रांगेत नळ्यांतून वाफ फिरवायची आणि एका टाकीतलं पाणी पुढच्या टाकीत नेत नेत त्याचा कस वाढवायचा. त्यामुळे हलक्या प्रतीचा मालही परवडू लागला आणि नव्या ओफिसिना निघाल्या. या टाक्यांना ‘कचुचो’ म्हणत. मराठीत लिहिताना माझ्या हाताला गुऱ्हाळातली ‘काहील’ आली होती. मी ती खोडली. काहिलीभोवती हंगाम असतो, रस प्यायला आलेली पोरं असतात. कचुचोतलं पाणी काढल्यावर खाली उरलेला तापलेला चोथा फावड्याने उपसायला माणसं आत उतरत, जवळजवळ उघड्या अंगाने, वाफेत. त्या चोथ्याचे सपाट माथ्याचे डोंगर अजून उभे आहेत. तिकडे त्यांना ‘तोर्ता’ म्हणतात, म्हणजे केक.

ही माणसं आली कुठून? या मुलखात शेती नव्हती, की आधीची मोठी वस्ती नव्हती. चिलीच्या दक्षिणेकडून, पेरूमधून, बोलिव्हियाच्या डोंगरांतून ती आणावी लागली. आणण्याच्या व्यवहाराला ‘एन्गान्चे’ म्हणत. शब्दशः अर्थ गळाला लावणं. दलाल गावोगावी फिरे, हातावर थोडे पैसे ठेवी आणि जहाजात बसवी. इथे मात्र मराठीला शब्द शोधावा लागला नाही. मुकादम आणि उचल हे शब्द बीड-नगरच्या ऊसतोड्यांनी आधीच भाषेत रुजवून ठेवले आहेत. उचल घेतलेल्या माणसाचं पाऊल कसं पडतं हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

ओफिसिनात मजुराला मजुरी मिळे ती बिल्ल्यांत. ‘फिचा’ म्हणत त्यांना. पितळेचे किंवा काळ्या कडक रबराचे, गोल, चौकोनी, भोक पाडलेले, प्रत्येक ओफिसिनाचे वेगळे. ते चालायचे फक्त त्याच ओफिसिनाच्या दुकानात, ‘पुल्पेरिया’त. रोख पैसे हवे असतील तर बदलून देताना कापून घेत. शेजारच्या ओफिसिनात पीठ स्वस्त असलं तरी हा बिल्ला तिथे निव्वळ बटण. आज हे फिचा संग्राहक हौसेने विकत घेतात, आणि ते दिसायलाही सुरेख असतात. पण ज्या गावाचं नाणं गावाच्या वेशीवर संपतं त्या गावातून बाहेर पडणं किती कठीण असेल, हे तो बिल्ला हातात घेऊन कळत नाही.

डिसेंबर १९०७मध्ये मजुरांनी संप केला आणि हजारोंच्या संख्येने वाळवंट उतरून ते इकीकेला आले. बायका-मुलं बरोबर होती. त्यांच्या मागण्यांची यादी मी भाषांतर करून ठेवली आहे, कारण ओफिसिनाचं याहून नेमकं वर्णन मला कुठे मिळालं नाही. मजुरीचा हिशेब घसरणाऱ्या पेसोत करू नये, अठरा पेन्सच्या स्थिर भावाने करावा. बिल्ले पूर्ण किमतीला घ्यावेत. पुल्पेरियाच्या बाहेर काटा आणि मोजपट्टी ठेवावी, म्हणजे घेतलेला माल तपासता येईल. कचुचोंवर लोखंडी जाळ्या बसवाव्यात, म्हणजे माणसं उकळत्या पाण्यात पडणार नाहीत. हलका म्हणून फेकलेला, मजुरी न दिलेला कालिचे नंतर गुपचूप वापरू नये. रात्रशाळेसाठी जागा द्यावी. कामावरून काढायचं तर काही दिवस आधी सांगावं. मापात पाप करू नका आणि आमची माणसं शिजवू नका, एवढंच ते मागत होते.

संपकरी सान्ता मारिया शाळेत आणि समोरच्या चौकात उतरले होते. पेरू आणि बोलिव्हियाच्या वकिलांनी आपापल्या देशाच्या मजुरांना बाहेर पडायला सांगितलं, पण ते चिलीच्या मजुरांना सोडून गेले नाहीत. अवघ्या पाव शतकापूर्वी याच जमिनीसाठी या तीन देशांनी एकमेकांची माणसं मारली होती. २१ डिसेंबरच्या दुपारी जनरल रोबेर्तो सिल्वा रेनार्दने गोळीबाराचा हुकूम दिला. सरकारी आकडा सव्वाशे-दीडशेच्या आसपास राहिला. लोकांच्या आठवणीत तो दोन हजारांच्या वर जातो. पुढे १९६९मध्ये लुईस आद्विसने या घटनेवर ‘सान्ता मारिया दे इकीके’ ही कान्ताता रचली, किलापायून या गटाने ती गायली, आणि शालेय इतिहासाच्या पुस्तकांत दबून राहिलेली गोष्ट घराघरांत पोचली.

या हत्याकांडाने सोऱ्याचा धंदा थांबला नाही. उलट १९१३मध्ये निर्यात २५ लाख टनांच्या वर गेली. चिली सरकारच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा तेव्हा सोऱ्यावरच्या निर्यातकराचा होता. त्याच वर्षी जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी ओपाऊ इथे एक कारखाना सुरू झाला. फ्रिट्झ हाबरने १९०९मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला होता आणि कार्ल बॉशने ते काम कारखान्याच्या मापाचं केलं. वर्षभरात महायुद्ध पेटलं. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची वाट अडवली आणि चिलीचा सोरा जर्मनीला मिळेनासा झाला. नाइलाजाने जर्मनांनी हवेतून खत आणि स्फोटकं काढायचा वेग वाढवला. युद्ध संपलं तेव्हा ती विद्या जगभर पसरायला तयार होती. आपल्या कृषी सेवा केंद्रांत थप्पीला लागलेली युरियाची पोती तिचीच संतती. अताकामातला कालिचे संपला नव्हता, आजही संपलेला नाही. त्याची गरज संपली.

मग ओफिसिना एकामागून एक विझू लागल्या. १९२९च्या मंदीने उरलेल्यांचं कंबरडं मोडलं. जगात मंदीचा सर्वांत मोठा तडाखा चिलीला बसला, असं लीग ऑफ नेशन्सच्या पाहणीने नोंदवलं. बेकार मजुरांना जहाजांत आणि आगगाड्यांत भरून दक्षिणेला धाडण्यात आलं. ज्यांना एकदा गळाला लावून आणलं होतं, त्यांना आता पाण्यात परत सोडून दिलं.

आणि इथेच हम्बरस्टोनची चमत्कारिक गोष्ट सुरू होते. तोवर या ओफिसिनाचं नाव ला पाल्मा होतं. मंदीत ती बंद पडली होती. १९३४मध्ये एका नव्या कंपनीने ती घेतली, दुरुस्त केली आणि म्हाताऱ्या रसायनतज्ज्ञाच्या सन्मानार्थ तिला ‘सान्तियागो हम्बरस्टोन’ हे नाव दिलं. नाटकगृह, चौक, हॉटेल, तलाव यांतलं बरंचसं या काळातलं आहे. १९४०च्या सुमाराला तिथे साडेतीन हजारांहून जास्त लोक राहत होते. म्हणजे पाहुण्याला आज जे सुखी गाव दिसतं ते धंद्याच्या भराच्या काळातलं नाही, उतरणीवरचं आहे. जेव्हा नफा अफाट होता तेव्हा मजुराला काटा आणि जाळी मिळाली नाही. तलाव मिळाला तो धंदा मरणाच्या वाटेवर असताना, संप आणि संघटना यांची पन्नास वर्षं उलटल्यावर. भराच्या काळातल्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या टिकल्या नाहीत, आणि पाहुण्यांना दाखवायला टिकला तो शेवटचा अंक.

१९६०मध्ये हम्बरस्टोन बंद झालं. आणखी काही वर्षांत यंत्रं भंगारवाल्यांकडे गेली. पत्रे, फळ्या, दारं, खिडक्या, जे उचलता येईल ते उचललं गेलं. १९७०मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषणा झाली म्हणून एवढं तरी राहिलं.

स्पॅनिशमध्ये अशा ठिकाणाला भुताचं गाव म्हणतात. मराठीत तसं लिहिलं तर वाचक हडळ-मुंज्याची वाट पाहील. आपल्या महसुली दप्तरात मात्र एक शब्द आहे : ‘बेचिराख’. बोलण्यात आपण तो जळून राख झालेल्यासाठी वापरतो, पण मुळात तो बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. प्लेगने, दुष्काळाने, लुटालुटीने माणसं निघून गेली तरी असं गाव कागदावर राहतं. त्याला नाव असतं, शिव असते, सर्व्हे नंबर असतात. शेजारच्या गावचे लोक तिथली शेतं कसतात आणि एखाद्या जुन्या देवळात वर्षातून एकदा नारळ फोडायला येतात. म्हणून बेचिराख गावात परतण्याची शक्यता शिल्लक असते.

ओफिसिनाला शिव नव्हती. जमीन कंपनीची, घर कंपनीचं, पाणी कंपनीचं, नाणंसुद्धा कंपनीचं. तीस वर्षं राहिलेल्या माणसाच्या मालकीचं तिथे अंगावरचे कपडे, भांडीकुंडी आणि कबरस्तानातली सहा फूट जागा एवढंच. वहीतली नफ्याची ओळ तोट्यात गेली की गावाला गाव म्हणून राहायचं काही कारणच उरत नसे. वाळवंटाने ही गावं गिळली असं आपण सहज लिहून जातो, पण वाळवंट तर तिथे आधीपासून होतं आणि त्यात माणसं ऐंशी वर्षं राहून दाखवत होती. गाव मिटलं ते वही मिटल्यामुळे. तेव्हा शब्दकोशातल्या ‘कचेरी’वर मी हसले होते. आता वाटतं, त्या शब्दात खोट काढण्यासारखं फार नव्हतं.

मोकळी गावं मोकळीच राहतात असंही नाही. आन्तोफागास्ता प्रांतातली चाकाबुको ही ओफिसिना १९२०च्या दशकात मोठ्या थाटात बांधली गेली आणि १९४० उजाडेपर्यंत ओसाड पडली. १९७३मध्ये जनरल पिनोशेने सत्ता बळकावल्यावर तिथे राजकीय कैद्यांची छावणी उघडली. फार खर्च करावा लागला नाही. चाळींच्या रांगा तयार होत्या, आजूबाजूला पळून जाण्यासारखं काही नव्हतं, फक्त तारेचं कुंपण आणि पहाऱ्याचे मनोरे उभारायचे होते. गायिका व्हायोलेता पार्रांचा मुलगा आन्हेल पार्रा तिथे कैदेत होता आणि त्याने तिथे संगीत रचलं. पात्रिसियो गुस्मानच्या २०१०च्या ‘नोस्ताल्हिया दे ला लूस’ या माहितीपटात तिथला एक जुना कैदी भेटतो. कैद्यांपैकी एक जाणकार बाकीच्यांना आकाशातले तारे ओळखायला शिकवत असे. पुढे लष्कराने हे वर्ग बंद केले. नक्षत्रांच्या आधाराने कैदी पळतील अशी त्यांना भीती होती. ओसाड गावांची छायाचित्रं पाहताना ती जागा सुंदर वाटू लागली की मी चाकाबुकोचं छायाचित्र काढून शेजारी ठेवते.

या गावांतली माणसं स्वतःला ‘पम्पिनो’ म्हणवतात. ज्या पठाराला पम्पा म्हणतात तिथली. तीन देशांतून आलेल्यांनी शंभर वर्षांत घडवलेली ही एक जमात आहे आणि तिची भाषा स्पॅनिशच्या आत वेगळी वाजते. लेखक एर्नान रिवेरा लेतेलिएर या ओफिसिनांत वाढला, तिथे मजुरी केली, आणि सिनेमाचं तिकीट न परवडणाऱ्या वस्तीला सिनेमे सांगणाऱ्या एका मुलीची कादंबरी त्याने लिहिली. इथला मजूर लिहू लागला तेव्हा त्याने आधी शब्द वाचवले, कारण भिंती कंपनीच्या होत्या आणि शब्द त्याचे होते.

२००५मध्ये हम्बरस्टोन आणि सान्ता लाउरा युनेस्कोच्या यादीत आल्या, आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही. वाऱ्याने पत्रे उडत होते, लाकूड पोखरलं जात होतं. या धोक्याच्या यादीतून त्या २०१९मध्ये बाहेर पडल्या. जुने रहिवासी आणि त्यांची मुलंनातवंडं दर नोव्हेंबरात तिथे जमतात. त्याच महिन्याच्या १ तारखेला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आणखी कितीतरी निनावी ओफिसिनांच्या कबरस्तानांत माणसं पोचतात. तिथे ताजं फूल तासाभरात सुकतं, म्हणून पम्पिनो कबरींवर पत्र्याची रंगवलेली फुलं वाहतात. कारखाना नाही, चाळ नाही, दुकान नाही, पण आजोबांची कबर कुठे आहे हे नातवाला ठाऊक असतं. तो जुना पत्रा पुसतो, नवा रंग देतो, मेणबत्ती लावतो.

भाषांतरात शेवटी मी ‘ओफिसिना’ हाच शब्द ठेवला. तळटीप दिली नाही. माझा जन्म ओफिसिनात झाला, असंच वाक्य आता मराठीत आहे. वाचणारा तिथे जरा अडखळेल आणि पुढे वाचत जाईल.